ओठांवरची क्षमा

छापखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि चर्चमध्येही मास्तरच. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. छापखान्यात ते पुस्तकबांधणी करत, रविवारी उपासनेला ऑर्गन वाजवत आणि दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांचा बाप्तिस्म्याचा वर्ग घेत. त्या वर्गावरून हे नाव पडलं आणि मग चिकटलं ते चिकटलं.

ऑर्गनवर त्यांचा जीव होता. बायको म्हणायची, "माझ्याशी बोलताना तुमचा चेहरा असा कधी होत नाही." मास्तर हसून म्हणायचे, "ऑर्गन उलट उत्तर देत नाही ना."

मग तो अपघात झाला. कागद कापायच्या यंत्रात गठ्ठा नीट बसला नव्हता. मास्तर वाकून तो सरळ करत होते. यंत्र चालवणारा, ज्याला सगळे कटिंगवाला म्हणत, मान वळवून शेजारच्याशी बोलत होता. बोलता बोलता त्याचा पाय पेडलवर पडला आणि पातं खाली आलं. मास्तरांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा खाटेभोवती गर्दी होती. बायको होती, पाळकसाहेब होते, चर्चच्या मंडळीतली माणसं होती, छापखान्यातले दोघंतिघं होते. कोणीतरी म्हणालं, "त्या माणसाला आत टाकायला पाहिजे. डोळे काय कपाळावर होते का त्याचे?"

मास्तर पडल्या पडल्या म्हणाले, "त्याला काही करू नका. मी त्याला माफ केलंय."

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. पुढच्या रविवारी त्यांनी हे व्यासपीठावरून सांगितलं आणि गोष्ट तोंडातोंडी पसरली. दूरच्या मंडळ्यांमधून लोक भेटायला येऊ लागले. एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली आणि म्हणाली, "यांना नमस्कार कर, हे संत आहेत." मास्तरांना संकोच वाटला, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. आपण माफ केलं यावर त्यांचाही विश्वास बसला होता. इतकी वर्षं जे शिकवलं ते वेळेला तोंडातून निघालं, यात खोटं ते काय?

कटिंगवाल्याला मालकांनी काढून टाकलं. तो गाव सोडून गेला म्हणे. मास्तरांना बांधणीतून काढून तयार पुस्तकं तपासायच्या टेबलावर बसवलं. चर्चमध्ये ऑर्गनवर आता दातांच्या डॉक्टरांची मुलगी बसू लागली. मुलगी चुकत नसे, पण शेवटची गाडी पकडायची असल्यासारखी वाजवत असे. मास्तर दुसऱ्या रांगेत बसून ऐकत. ऐकताना नसलेली बोटं हलत आणि दुखत. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

वर्षभरानंतर नवा बाप्तिस्म्याचा वर्ग सुरू झाला. पहिल्या रविवारी दोघीच होत्या. एक दवाखान्यातली नर्स आणि एक छत्र्या दुरुस्त करणाऱ्या आजी. मास्तरांनी विचारलं, "आजी, या वयात कसं काय सुचलं?"

"उशिरा गेलं की रांग लहान असते," आजी म्हणाल्या.

खुर्च्या लावून होतायत तोच दार उघडलं आणि कटिंगवाला आत आला. वाळला होता. पूर्वीची मिशी गेली होती. दारातच उभा राहून म्हणाला, "मास्तर, पाळकसाहेबांनी पाठवलंय. वर्गात बसू का?"

छापखान्यात इतकी वर्षं ते त्याला अरे-तुरे करत. डबा शेजारी बसून खात. आता त्यांच्या तोंडून निघालं, "बसा."

त्यालाही ते कळलं. तो खाली मान घालून शेवटच्या खुर्चीवर बसला.

त्या दिवशीचा धडा पवित्र जीवनाचा होता. मास्तरांनी नेहमीसारखं समजावलं. पवित्र म्हणजे देवासाठी वेगळं काढलेलं.

"म्हणजे पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या कपबश्यांसारखं?" आजींनी विचारलं.

"साधारण तसंच."

"माझ्या सासूबाईंनी अशा राखल्या होत्या. जन्मभर कपाटात. त्या गेल्यावर बघितलं तर सगळ्यांना तडे. त्यांतून कोणी कधी घोटभर चहा प्यालं नाही."

नर्स हसली. मास्तरांनाही हसू आलं असतं, पण शेवटच्या खुर्चीवरून प्रश्न आला.

"मास्तर, ज्याला माफी मिळालीय, त्यानं पुढं कसं जगायचं?"

मास्तर पुस्तकाची पानं उलटत राहिले. "ते पुढच्या वेळी बघू," ते म्हणाले.

पुढच्या वेळी त्यांनी ते पाहिलं नाही, त्याच्या पुढच्या वेळीही नाही. धडे चालू राहिले. मास्तर नर्सकडे बघून बोलत, आजींकडे बघून बोलत. शेवटच्या खुर्चीकडे नजर गेलीच तर ती त्या माणसाच्या हातांवर जाई. मांडीवर ठेवलेले दोन धडधाकट हात. ते बघितले की मास्तर वाक्य अर्धं सोडून देत.

वर्ग संपत आला तेव्हा पाळकसाहेबांनी विचारलं, "तिघंही तयार आहेत ना?"

"दोघी आहेत. तो अजून नाही," मास्तर म्हणाले. "त्याला जरा थांबू द्या. घाई आहे त्याला."

"तुम्ही म्हणता तर थांबवू," पाळकसाहेब म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, "तुम्हाला ठाऊक आहे ना तो कसा आला ते? नोकरी गेल्यावर पार खचला होता. मरायच्या विचारात होता म्हणाला. मग कोणीतरी तुमचं दवाखान्यातलं बोलणं त्याच्या कानावर घातलं. ज्यांच्यात असं माफ करतात ते लोक कोण आहेत ते बघावं, म्हणून तो माझ्याकडे आला. तुमच्या एका वाक्यानं माणूस वाचला, मास्तर."

मास्तरांनी मान खाली घातली. पाळकसाहेबांना तो विनय वाटला.

घरी त्या संध्याकाळी बायको त्यांच्या डाव्या हाताची नखं कापत होती. अपघातापासून हे काम तिच्याकडे आलं होतं. उजव्या हातात नेलकटर धरता येत नसे. मास्तरांनी तिला सगळं सांगितलं.

"तयार नाही म्हणजे काय?" ती म्हणाली. "धडे पाठ नाहीत त्याला?"

"पाठ आहेत."

"मग तुमच्या परीक्षेत तो नापास झाला, की त्याच्या परीक्षेत तुम्ही?"

मास्तरांनी हात ओढून घेतला. तिनं तो पुन्हा धरला, कारण अजून दोन नखं राहिली होती.

"मला एक सांगा," ती नखावर नजर ठेवून म्हणाली, "त्याला माफ केलं, हे तुम्ही पाळकसाहेबांना सांगितलंत. मंडळीला कळलं. मला सांगितलंत. गावभर झालं. त्याला कधी सांगितलंत?"

"तो नव्हताच ना इथं."

"आता आहे."

तिनं करंगळीचं नख कापलं. मग मास्तर म्हणाले, "मला जमत नाही गं. तो समोर आला की हात दुखतो. जी बोटं नाहीत ती दुखतात. मी त्याचे हात बघत बसतो आणि मनात येतं, याचं एक तरी का नाही गेलं? दवाखान्यात मी बोललो तेव्हा तो माझ्या डोळ्यांसमोर नव्हताच. तुम्ही सगळे होता."

"मग हेच त्याला सांगा."

"आणि त्याचा विश्वास मोडला तर? त्या वाक्यावर उभा आहे तो."

"तुमच्या वाक्यावर उभा असेल, तर आज ना उद्या पडणारच," बायको म्हणाली. "तुम्ही काय स्वतःला येशू समजता की काय? द्या तो अंगठा इकडं."

पुढच्या रविवारी वर्ग सुटला. मास्तर शेवटच्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "तुम्ही जरा थांबा."

नर्स आणि आजी गेल्या. कटिंगवाला खुर्चीवर बसून राहिला. मास्तर उभेच होते. काय बोलायचं ते त्यांनी सकाळपासून मनात जुळवलं होतं, पण तोंडून भलतंच निघालं.

"त्या दिवशी काय बोलत होतास तू?"

"कधी?"

"पाय पडला तेव्हा. शेजारच्याशी एवढं काय बोलत होतास?"

"बुटांबद्दल."

"काय?"

"नवे बूट घेतले होते. ते चावत होते. ते त्याला सांगत होतो."

मास्तर खाली बसले. या वर्षभरात त्यांनी मनाशी अनेक कारणं धरली होती. त्याच्या घरी काही झालं असेल, कोणी आजारी असेल, कसली तरी काळजी असेल. काहीतरी मोठं, बोटांच्या तोलाचं. बूट त्यांनी धरले नव्हते.

"माझी बोटं तुझ्या बुटांपायी गेली?" ते म्हणाले. आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. "चाळीशीपर्यंत शिकत होतो मी. लग्नाआधीपासून वाजवत होतो. माझ्या बापाच्या मयतीला मीच वाजवलं. आता ती पोरगी वाजवते आणि मी खाली बसतो. तू इथं येतोस, दोन हात मांडीवर ठेवून बसतोस आणि मला विचारतोस, माफी मिळालेल्यानं कसं जगायचं. तुला कोणी सांगितलं माफी मिळाली म्हणून? मी तुला माफ केलेलं नाही. दवाखान्यात बोललो ते लोक बघत होते म्हणून. ऐकलंस? मनातून मी तुला एक दिवसही माफ केलेलं नाही."

कटिंगवाला ऐकत होता. त्यानं स्वतःची बाजू मांडली नाही, पाया पडला नाही, रडलाही नाही. मास्तरांचं संपल्यावर तो उठला, आपली खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि दार ओढून निघून गेला.

मनातलं बोलून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. मास्तरांना तसं काही वाटलं नाही. रिकाम्या खोलीत ते बराच वेळ बसून राहिले. आपल्यापायी त्या माणसाची आधी नोकरी गेली आणि आता जगायचा आधारही, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.

पुढच्या रविवारी तो आला नाही. आजींनी विचारलं, "आमची शेवटची खुर्ची कुठं गेली?" मास्तरांनी धडा उघडला. वर्ग झाल्यावर ते पाळकसाहेबांकडे गेले आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

पाळकसाहेब टेबलावरची पेन्सिल इकडून तिकडे सरकवत राहिले. "चूक माझीही आहे," शेवटी ते म्हणाले. "औषधाच्या गुंगीतला माणूस एक वाक्य बोलला आणि मी ते व्यासपीठावर नेलं. प्रवचनाला उदाहरण हवं होतं मला. नंतर मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही, मास्तर, आतून कसं आहे म्हणून."

"आता काय करू?"

"जा त्याच्याकडे. मी गेलो तर ते पाळकाचं येणं होईल."

तो गावाच्या टोकाला वृद्धाश्रमात सेवक म्हणून लागला होता. मास्तर छापखान्यातून लवकर निघून तिथं गेले. लांब व्हरांड्यात उन्हाला एक म्हातारा खुर्चीत बसला होता आणि कटिंगवाला त्याची दाढी करत होता. म्हातारा सारखा बोलत होता. मुलगा येणार आहे, उशी बदलायची आहे, काल कोणीतरी चष्मा चोरला. कटिंगवाला एका शब्दानंही उत्तर देत नव्हता. वस्तरा गालावरून सावकाश फिरत होता. वस्तरा पुसून डब्यात ठेवल्यावरच तो म्हणाला, "आजोबा, चष्मा तुमच्या खिशात आहे."

मग त्याला मास्तर दिसले.

"हातात पातं असलं की मी बोलत नाही," तो म्हणाला. जणू एवढंच आधी सांगायला हवं होतं.

दोघं जिन्याच्या पायरीवर बसले. मास्तर म्हणाले, "तू आला नाहीस."

"राग आला होता," कटिंगवाला म्हणाला. "तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण वर्षभर त्या एका वाक्यावर जेवलो, झोपलो. ते खोटं निघालं. वाटलं, आता काय राहिलं?"

मास्तरांनी मान डोलावली.

"चारपाच दिवस तसे गेले. इथं कामाला यायचो, घरी जायचो. मग एक विचार आला. तुम्हाला राग येईल, पण सांगतो. ते वाक्य तुमचं नव्हतंच. तुम्ही ते कुठून तरी घेतलं होतं. वधस्तंभावर खिळलेला असताना जो 'मारणाऱ्यांना माफ कर' म्हणाला, त्याचं होतं ते. तुम्ही निरोप्या होतात. निरोप्याच्या मनात काय होतं ते वेगळं, पण निरोप मला पोचला. ज्याचा होता त्याच्याकडून मी तो घेतला आहे. तो मी आता परत देणार नाही."

असलं काही मास्तरांनी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर त्यांना ते आज पहिल्यांदा ऐकू आलं.

"माझा बाप्तिस्मा व्हावा असं मला वाटतं," कटिंगवाला पुढे म्हणाला. "साक्षीदार लागतो म्हणतात. सोबत उभा राहणारा. माझं मंडळीत कोणी नाही. तुम्ही राहाल का उभे?"

"मी?" मास्तर म्हणाले. "अरे, माफ करणं मला अजून जमलेलं नाही. सकाळी प्रार्थनेत म्हणतो. दुपारी जेवायला बसलो की चमचा हातातून निसटतो, आणि गेलं सगळं."

"मला ठाऊक आहे ते. तुम्ही सांगितलंत ना."

"तरी मीच?"

"दुसरा कोणी उभा राहील तो मला ओळखत नसेल. तुम्हाला मी काय केलं ते पूर्ण माहीत आहे."

व्हरांड्यात तो म्हातारा चष्मा सापडल्याचं कोणाला तरी सांगत होता. मास्तर म्हणाले, "उभा राहीन. पण आधी मंडळीत खरं सांगेन."

बाप्तिस्म्याच्या रविवारी चर्च भरलं होतं. पाळकसाहेबांनी मास्तरांना पुढं बोलावलं. प्रार्थना सोडून मास्तर लोकांसमोर कधी बोलले नव्हते. त्यांनी थोडक्यात सांगितलं. "दवाखान्यात मी यांना माफ केलं असं म्हणालो. तुम्ही मला मोठं केलंत. ते तेव्हा खरं नव्हतं. मी ते वाक्य मागे घेत नाही. ते खरं व्हावं म्हणून धडपडतो आहे. मला संत म्हणू नका. जमलं तर माझ्यासाठी प्रार्थना करा."

मग ते कटिंगवाल्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. पाळकसाहेबांनी विचारलं, "या माणसाबरोबर कोण उभं आहे?" मास्तर म्हणाले, "मी." कटिंगवाल्याच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा त्यानं डोळे मिटले नाहीत.

उपासना सुटल्यावर सगळे खूश नव्हते. मुलाला घेऊन आलेली ती बाई दारात मास्तरांना म्हणाली, "आता मी माझ्या पोराला काय सांगू? त्याला मी तुमचं उदाहरण देते." मास्तर म्हणाले, "आहे ते सांगा." तिला ते पटलं नाही. पुढं बरेच दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. आजींचाही त्याच दिवशी बाप्तिस्मा झाला होता. त्यांनी मात्र ओल्या केसांवर रुमाल बांधत म्हटलं, "मास्तर, आज तुमचा वर्ग खरा झाला." आणि छत्री उघडून उन्हात निघून गेल्या.

यानंतर दोघं जिवलग मित्र झाले असं काही नाही. चर्चमध्ये कटिंगवाला मागे बसे, मास्तर दुसऱ्या रांगेत. दारात भेटले की तब्येतीची विचारपूस होई. कधी बायको त्याला जेवायला बोलवी. तो येई, कमी बोले आणि उठताना आपलं ताट स्वतः धुऊन ठेवी. काही दिवस बरे जात. मास्तरांना वाटे, निवळलं सगळं. मग एखादा दिवस असा येई की जखम परत पहिल्यापासून सुरू होई.

तसाच एक रविवार होता. ऑर्गनवरच्या मुलीनं एक जुनं गीत वाजवलं. मास्तरांच्या बापाच्या मयतीचं. आणि या वेळी तिनं ते सावकाश वाजवलं. फार चांगलं वाजवलं. मास्तर उपासना अर्धी सोडून बाहेर पडले. बायको मागून आली, पण त्यांचा चेहरा बघून म्हणाली, "मी घरी जाते. तुम्ही या."

ते चालत वृद्धाश्रमात गेले. कटिंगवाल्याची त्या दिवशी पाळी होती. मागच्या अंगणात दोरीवर धुतलेल्या चादरी वाळत होत्या आणि तो एकटाच त्या काढत होता.

"मास्तर? उपासना सुटली?"

"नाही." मास्तर दोरीपाशी येऊन थांबले. "आज राग आलाय. खूप. तुला सांगावं म्हणून आलो."

कटिंगवाल्यानं त्यांच्याकडे बघितलं. "बरं केलंत," तो म्हणाला.

वारा होता आणि चादरी फडफडत होत्या. कटिंगवाल्याच्या हातात एका मोठ्या चादरीचं एक टोक होतं, दुसरं जमिनीला लागायला आलं होतं.

"एकट्याला घडी नीट होत नाही," तो म्हणाला. "ते टोक धरता का?"

मास्तरांनी धरलं. चादर ताणली, दुमडली. मग दोघं चार पावलं पुढं आले आणि मास्तरांनी आपलं टोक त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, "अजून पुष्कळ आहेत." मास्तरांनी कोट काढून पायरीवर ठेवला आणि दुसरी चादर दोरीवरून ओढली.